कानाचा रिपोर्ट नॉर्मल, मग बोलणं का कळत नाही?

"कानाचा रिपोर्ट नॉर्मल आलाय, म्हणजे मुद्दाम लक्ष देत नाही." मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंचा आजार) असलेल्यांना हे घरोघरी ऐकावं लागतं. हा समज साफ चूक आहे, आणि माणसाला एकटं पाडणारा आहे.

ऑडिओमेट्रीत, म्हणजे कानाच्या नेहमीच्या तपासणीत, शांत खोलीत २५० ते ८००० हर्ट्झचे सूर ऐकवतात. आवाज किती हळू असला तरी ऐकू येतो, एवढंच त्यातून कळतं. या आजारात कान बहुधा ठणठणीत असतो. बिघाड पुढे, मेंदूतल्या वाटेवर असतो. तंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब होतं, संदेश रेंगाळतात, मागेपुढे पोचतात. दोन कानांवर आवाज पोचण्यात जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास फरक असतो. त्यावरून मेंदू दिशा ओळखतो, गोंगाटातून एक आवाज वेगळा काढतो. नेमका हाच हिशेब चुकतो.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची बोली चालू असताना आवाज कानावर पडतो, पण आकडा निसटतो. घरात मिक्सर लागला की तेच.

आवाजाचा संदेश कानापासून मेंदूकडे किती वेगानं जातो, हे बेरा तपासणीत बघतात. कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड लावून, आवाजामुळे या वाटेवर उठणाऱ्या विद्युत लाटांपैकी पहिल्या व पाचव्या लाटेतलं वेळेचं अंतर मोजतात. ते साधारण ४ मिलिसेकंद असतं. वाढलं तर वहन मंदावलंय. मात्र बेरा नॉर्मल असूनही त्रास असू शकतो, म्हणून गोंगाटातलं बोलणं समजतं का, ही चाचणीही मागून घ्या.

ओरडून उपयोग नाही. टीव्ही बंद करा, समोर बसा, एका वेळी एकानंच बोला. एक कान अचानक बंद झाला, तर मळ समजून तेल घालत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.