रबरी चेंडू आणि राज्यक्रांती

चाळीसगावपासून शहाद्यापर्यंत कुठल्याही चहाच्या टपरीवर, निवडणूक होऊन वर्ष उलटलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: "पह्यले चांगला व्हता, खुर्चीवर बठना नि बिघडी गया." पुढे चर्चेला दोन फाटे फुटतात. एक गट म्हणतो, तो मुळातच तसा होता, आता खरं रूप दिसलं. दुसरा म्हणतो, खुर्चीतच दोष आहे. आपल्याकडे वास्तुतज्ज्ञ बोलावून खुर्चीचं तोंड पूर्वेला करून घेणारी पुढारी मंडळीही आहेत. दिशा बदलली तरी टक्केवारी तीच राहते, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

पण पहिल्या गटाचं म्हणणंही मला पटत नाही. फ्रेंच राज्यक्रांतीतला पुढारी रोबेस्पिएर घ्या. मे १७९१ मध्ये हा वकील देहदंड रद्द करा म्हणून संविधान सभेत कळकळीने बोलला. त्याच महिन्यात त्याने मागणी केली की या सभेतल्या कुणालाही पुढच्या सभेवर निवडून जाता येऊ नये. म्हणजे स्वतःचीही वाट त्याने बंद करून घेतली. तीन वर्षांनी, १० जून १७९४ रोजी, त्याच्याच पाठबळावर कायदा झाला की क्रांतीच्या शत्रूला वकील मिळणार नाही आणि दोषी ठरला तर शिक्षा एकच, मृत्यू. २८ जुलैला तो स्वतः गिलोटिनखाली गेला. या माणसाने पैसा कधी खाल्ला नाही. मग बिघडलं ते नेमकं काय?

याबाबत माझा सगळ्यात आवडता प्रयोग कॅनडात झाला. जेरेमी होगवीन, मायकेल इन्झ्लिच आणि सुखविंदर ओभी यांनी तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. काही जणांना त्यांनी लिहायला सांगितलं की दुसऱ्यावर तुमची सत्ता चालली असा एखादा प्रसंग आठवा. काहींनी उलटा प्रसंग लिहिला, म्हणजे दुसऱ्याची सत्ता आपल्यावर चालली तो. मग सगळ्यांना एक साधा व्हिडिओ दाखवला. त्यात एक हात रबरी चेंडू दाबतोय, बस्स.

आता गंमत अशी की दुसऱ्याचा हात चेंडू दाबताना पाहिला की आपल्या मेंदूतला हात हलवणारा भागही किंचित जागा होतो. आपला हात हलत नाही, आपल्याला काही कळतही नाही. मग हे मोजायचं कसं? इथे दहावीच्या पुस्तकातला फॅरेडे कामाला येतो. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाहकात विद्युतप्रवाह निर्माण होतो, हा त्याचा १८३१ चा शोध. १९८५ मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी हाच नियम मेंदूवर वापरला. डोक्याजवळ तारेचं वेटोळं धरायचं आणि त्यातून मिलिसेकंदाहूनही कमी वेळ जबरदस्त प्रवाह सोडायचा. चुंबकीय क्षेत्र (ते टेस्ला या एककात मोजतात) क्षणात टेस्लाच्या घरात जातं आणि क्षणात शून्यावर येतं. कवटी त्याला अडवत नाही. खालच्या चेतापेशींत प्रवाह उमटतो, संदेश मज्जारज्जूतून खाली जातो आणि काही समजायच्या आत हाताचा स्नायू उडतो. (महत्त्वाचं आहे ते क्षेत्र बदलणं. बाजारात मिळणाऱ्या चुंबकाच्या गाद्या आणि कडी यांचं क्षेत्र जागच्या जागी असतं. ती विकत घेणाऱ्यांनी फॅरेडे पुन्हा वाचावा.)

स्नायूवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडवर या उडीची उंची मिलिव्होल्टमध्ये नोंदली जाते. विहिरीवरचा पंप पाण्याने आधीच भरलेला असेल तर बटण दाबताच धार लागते, रिकामा असेल तर नुसता घरघरतो. बटण तेच, धार वेगळी. मेंदूचंही तसंच. झटका तेवढाच ठेवला आणि स्नायूची उडी मोठी आली, तर मेंदूचा तो भाग आधीच उत्तेजित होता असा अर्थ निघतो. एकेका झटक्याचा प्रतिसाद कमालीचा कमीजास्त होतो, म्हणून अनेक झटक्यांची सरासरी काढायची, आणि व्हिडिओतला हात स्थिर असतानाच्या सरासरीशी तुलना करून वाढ किती ते पाहायचं. इथे सोंग आणता येत नाही, म्हणून हा प्रयोग मला आवडतो. मी लोकांची फार काळजी करतो, असं कुणीही सांगेल. स्नायूला खोटं बोलता येत नाही.

निकाल असा की सत्तेची आठवण लिहिलेल्यांच्या मेंदूत समोरच्याच्या हाताचा पडसाद कमी उमटला आणि सत्तेखाली असल्याची आठवण लिहिलेल्यांत तो सगळ्यात जास्त होता. हेही नुसत्या आठवणीने, काही मिनिटांपुरतं.

इथे थोडं थांबायला हवं. असा पडसाद म्हणजे करुणा नव्हे. ‘मिरर न्यूरॉन’ (दुसऱ्याची हालचाल नुसती पाहूनही जाग्या होणाऱ्या चेतापेशी) हा शब्द ऐकला की आपले व्याख्याते थेट अध्यात्मात शिरतात, त्याला आधार नाही. शिवाय नुसती आठवण काढायला लावून वागणूक बदलल्याचे बरेच प्रयोग पुन्हा करून पाहिल्यावर टिकले नाहीत. विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी बनवणाऱ्या १९७१ च्या प्रसिद्ध स्टॅनफर्ड तुरुंग प्रयोगावर तर पहारेकऱ्यांना कठोर वागायला शिकवल्याचाच आक्षेप आहे.

म्हणून स्वित्झर्लंडमधला २०१५ चा प्रयोग जोडीला घ्यावा. त्यात खरे पैसे होते, आणि नेत्याने ते स्वतःत आणि अनुयायांत वाटायचे होते. नेत्याने कसं वागावं हे खेळाआधी विचारलं, तेव्हा बहुतेकांनी शहाणपणाचंच उत्तर दिलं. प्रत्यक्षात अनुयायी जास्त आणि वाटणीचे पर्यायही जास्त मिळाले, तसा नेत्याने स्वतःकडे जास्त ओढलं. आधीच्या चाचणीत प्रामाणिक ठरलेले सुरुवातीला बरे वागले, पण खेळ लांबत गेला तसे तेही घसरले. टपरीवरच्या पहिल्या गटाने हे लक्षात घ्यावं.

क्रांतीनंतर हे सगळं जोरात का होतं? जुनी न्यायालयं, जुने कायदे, जुने प्रतिस्पर्धी एकदमच जातात, आणि उरलेल्या नेत्यापुढे अनुयायीही भरपूर असतात, पर्यायही. त्यात भूमिगत काळातल्या सवयी. १९४४ मध्ये आपल्या धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी इंग्रजांचा खजिना लुटला. अशा कामात "का?" विचारत बसणारा सगळ्यांना पकडून देतो. तिथे गुप्तता आणि आज्ञापालन हेच सद्गुण. राज्य हातात आल्यावरही हीच शिस्त चालू राहिली की दुखणं सुरू होतं. लेनिनने १९१७ मध्ये लिहिलं होतं की अधिकाऱ्याला कामगाराएवढंच वेतन असावं आणि लोकांना त्याला केव्हाही परत बोलावता यावं. मार्च १९२१ मध्ये त्याच्याच पक्षाने अंतर्गत गटांवर बंदी घातली. पुढच्या वर्षी स्टालिन सरचिटणीस झाला, तोवर पक्षात संघटितपणे "का?" विचारण्याची सोयच उरली नव्हती.

यावल तालुक्यातल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. पुढच्या नोव्हेंबरात कलकत्त्याच्या एका मासिकात ‘चाणक्य’ या नावाने लेख आला. हा माणूस उद्या हुकूमशहा होऊ शकतो, त्याला सलग तिसऱ्यांदा अध्यक्ष करू नका, असं त्यात नेहरूंविषयी बजावलं होतं. लिहिणारे स्वतः नेहरूच. त्या वेळी अध्यक्षपद सुभाषबाबूंकडे गेलं. पण १९५१ मध्ये पंतप्रधानपद हाती असताना पक्षाचं अध्यक्षपदही नेहरूंनी घेतलं आणि १९५४ पर्यंत ठेवलं. स्वतःवर स्वतःच ठेवलेल्या पहाऱ्याची ताकद बहुधा एवढीच असते.

बाहेरचा पहारा जास्त टिकतो. मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांच्या प्रयोगांत दिसलं की निर्णयाचं कारण नंतर सांगावं लागणार, आणि ऐकणाऱ्याचं मत काय हे आधी ठाऊक नाही, असं असेल तर माणसं जास्त बारकाईने विचार करतात. आपल्याकडे यासाठी ग्रामसभा आहे. आता होतं असं की गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. मग सरपंचाच्या ओळखीची दहा-बारा माणसं बसतात आणि ठराव मंजूर होतात.