उष्णतेचा ताण आणि दुभत्या गाईंचे प्रजनन

शरीरात तयार होणारी उष्णता गाईला बाहेर टाकता आली नाही, की तिच्यावर उष्णतेचा ताण येतो. दूध जितके जास्त तितकी ही उष्णताही जास्त. म्हणून होल्स्टीन फ्रिजियन आणि तिच्या संकरित गाई सर्वांत आधी धापा टाकतात. खिलार, देवणी, गीर या देशी गाईंना तोच उन्हाळा कमी बाधतो.

ताण मोजायला तापमान-आर्द्रता निर्देशांक वापरतात. तो 72 च्या वर गेला की ताण सुरू झाला असे धरतात. भरपूर दूध देणाऱ्या गाईंत 68 पासूनच परिणाम दिसतो. 38 अंश तापमान व 20 टक्के आर्द्रतेला निर्देशांक सुमारे 82 येतो, तर 32 अंश व 70 टक्क्यांना 84. म्हणजे नुसता तापमापक पाहून कोकणातल्या गोठ्याचा अंदाज चुकतो. साधी खूण कुशीची हालचाल: मिनिटाला 60 पेक्षा जास्त श्वास म्हणजे ताण. गाईचे नेहमीचे तापमान 38.5 अंशांच्या आसपास असते. दुपारी ते 39.5 भरले तर लगेच ताप समजू नये. गार वेळी, पहाटे पुन्हा मोजावे.

ताणात माज, म्हणजे गाय गाभण राहण्यास तयार असण्याचा काळ, आखडतो; बऱ्याचदा तो मुका, म्हणजे बाहेर खुणा न दाखवणारा, राहतो. दुसऱ्या गाईवर उड्या मारणे, हंबरणे कमी होते; जी हालचाल होते ती रात्री-पहाटे. त्यामुळे पहाटे पाचच्या सुमारास आणि रात्री नऊनंतर वीस-वीस मिनिटे गोठ्यात थांबून पाहावे. शेपटीला चिकटलेला पारदर्शक बळस (माजातला चिकट स्राव) हा पुष्कळदा एकमेव पुरावा असतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी कृत्रिम रेतन करावे.

वीर्यकांडी (गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी) 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद वितळवतात. ती तळहातावर चोळून किंवा खिशात ठेवून वितळवण्याची सवय वाईटच. पण उन्हात तापलेल्या रेतन गनमध्ये भरल्यानेही शुक्राणू मरतात, याकडे कोणाचे लक्ष नसते.

रेतनानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत नाजूक. या काळात गाईचे तापमान चढले तर भ्रूण टिकत नाही आणि गाय एकवीस दिवसांनी उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते. पुढे भ्रूणाची सहनशक्ती वाढते. सातव्या दिवसाचा भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या तंत्राला उन्हाळ्यात तुलनेने बरे यश येते, त्याचे कारण हेच. म्हणून सगळा गोठा गार करणे परवडत नसेल, तर निदान भरवलेल्या गाईला तेवढे दिवस पंख्याखाली बांधावे.

गारवा पाण्याने नव्हे, पाणी उडून जाण्याने येतो. पाठ कातडीपर्यंत भिजेल असा एक-दोन मिनिटे फवारा, मग पाच ते दहा मिनिटे नुसता पंखा, असे चक्र दुपारी चालू ठेवतात. थेंब मोठे हवेत. बारीक धुके केसांवरच बसते, आणि दमट हवेत वा बंद पत्र्याच्या गोठ्यात त्याने आर्द्रता वाढून ताणच वाढतो. पाणी कासेवर ओघळू देऊ नये, कासदाहाचा धोका असतो. पत्र्यावर पांढरा चुना किंवा उसाच्या पाचटाचा थर द्यावा. पिण्याचे पाणी सावलीत, चोवीस तास हवे. दुभती गाय दिवसाला शंभर लिटरच्या पुढेही पिते. वैरणीचा मोठा वाटा संध्याकाळनंतर घालावा, मात्र कडबा तोडून नुसत्या पेंडीवर भर दिल्यास पोटात आम्लता होते आणि गर्भधारणा आणखी घटते.

उन्हाळ्यात इजा झालेली गाईची स्त्रीबीजे पुढचे चाळीस ते साठ दिवस माजात येत राहतात. हवा गार झाल्यावरही काही काळ गाई उलटतात ते यामुळे. तेव्हा दोष वीर्यमात्रेवर किंवा रेतन करणाऱ्यावर टाकला जातो. भाकड गाईलाही सावली-पंखा द्यावा. शेवटच्या दोन महिन्यांत ताण बसल्यास वासरू कमी वजनाचे होते आणि पुढच्या वेताचे दूधही घटते.

गर्भकाळ सुमारे 280 दिवसांचा. मे महिन्यात गाभण राहिलेली गाय फेब्रुवारीत विते आणि पुन्हा एप्रिल-मेमध्येच भरवायला येते. नोव्हेंबरात भरलेली ऑगस्टमध्ये विऊन ऑक्टोबर-नोव्हेंबरात माजावर येते. त्यामुळे रेतनाचा जोर हिवाळ्यावर ठेवावा. कालवडी दुधाच्या ओझ्याविना असल्याने उन्हाळ्यातही बऱ्यापैकी गाभण राहतात. पण मेमध्ये भरवलेली कालवड पहिल्याच वेतात याच चक्रात सापडते.