आयर्लंडमधील आर्थिक मंदी (२००८–१३)

आयर्लंड प्रजासत्ताकात घरबांधणीतील तेजी ओसरल्यावर आलेली आणि बँका बुडू लागल्याने चिघळलेली मंदी. ‘केल्टिक टायगर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भरभराटीच्या काळाचा तिने शेवट केला.

कालनिश्चिती : शीर्षकातील वर्षे सोयीची म्हणून घेतली आहेत. सलग दोन तिमाहींत उत्पादन घटले की मंदी, ही रूढ कसोटी लावून सप्टेंबर २००८ मध्ये तेथील मध्यवर्ती सांख्यिकी कार्यालयाच्या आकड्यांवरून मंदी जाहीर झाली. यूरो वापरणाऱ्या देशांत ती पहिलीच. घरांच्या किमती मात्र २००७ पासूनच उतरत होत्या आणि बांधकाम मजुरांची रोजगारकपातही आधीच सुरू झाली होती. शेवटाबद्दल अधिक मतभेद आहेत. काही अभ्यासक डिसेंबर २०१३ ही मर्यादा मानतात, कारण यूरोपीय संघ व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्या कर्जकार्यक्रमातून देश तेव्हा बाहेर पडला. स्थूल देशांतर्गत उत्पादनाकडे (जीडीपी) पाहणारे शेवट त्याच्याही आधी धरतात. परंतु आयर्लंडच्या बाबतीत हा निर्देशांक फारसा भरवशाचा नाही. बहुराष्ट्रीय कंपन्या नफा व बौद्धिक संपदा तेथे नोंदवतात, त्यामुळे तो फुगतो. २०१५ साली तो एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले, तेव्हा जगभर थट्टा झाली. पुढे कार्यालयाने ‘सुधारित स्थूल राष्ट्रीय उत्पन्न’ हे वेगळे माप आणले. २०१२ च्या सुमारास १५ टक्क्यांवर असलेली बेकारी कार्यक्रम संपतानाही १२ टक्क्यांच्या आसपास होती. तेव्हा बेकारीवरून कालखंड ठरवणे अधिक सयुक्तिक वाटते.

घरांच्या आकड्यांबाबतही सावधगिरी हवी. २००६ मध्ये सुमारे ९० हजार घरे पूर्ण झाल्याचे सांगितले जाते. ही मोजणी वीजजोडण्यांवरून होई, आणि दीर्घकाळ बंद असलेल्या घराला पुन्हा वीज मिळाली तरी ते नवे धरले जाई. २०१८ मध्ये पद्धत बदलली. जुने आकडे त्यामुळे काहीसे चढेच मानावेत. सुमारे ४२ लाख वस्तीच्या देशात तरीही ते अवाढव्यच ठरतात.

कारणे : २९ सप्टेंबर २००८ च्या रात्री पंतप्रधान ब्रायन काउअन यांच्या सरकारने सहा बँकांच्या ठेवी व बहुतेक देण्यांना सुमारे ४४० अब्ज यूरोंची हमी दिली. त्यांपैकी अँग्लो आयरिश बँक जानेवारी २००९ मध्ये सरकारच्या मालकीची झाली. बँका सावरण्यासाठी एकूण सुमारे ६४ अब्ज यूरो ओतावे लागले. अर्थमंत्री ब्रायन लेनिहन यांच्या मते दुसरा मार्ग नव्हता. टीकाकारांच्या मते खाजगी रोखेधारकांचा, म्हणजे रोखे घेऊन बँकांना कर्ज देणाऱ्यांचा, तोटा जनतेच्या माथी मारला गेला. लेहमन ब्रदर्स या अमेरिकी बँकेच्या पतनाला दोष देण्याचा प्रघात प्रारंभी होता. मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर पॅट्रिक होनोहन (२०१०) व चौकशी आयोगाचे पीटर नायबर्ग (२०११) यांच्या अहवालांनी मूळ देशातच, म्हणजे बेसुमार कर्जवाटप व ढिली देखरेख यांत दाखवले, आणि तेच मत आता ग्राह्य धरले जाते. अर्थशास्त्रज्ञ मॉर्गन केली यांनी घरांच्या किमती कोसळण्याचा इशारा डिसेंबर २००६ मध्येच दिला होता.

दैनंदिन जीवन : घराची किंमत शिल्लक कर्जाहून कमी, अशी असंख्य तरुण कुटुंबांची अवस्था झाली, किमती सुमारे निम्म्यावर आल्या होत्या. २०१० च्या पाहणीत २,८०० हून अधिक अर्धवट राहिलेल्या वसाहती आढळल्या. त्यांना ‘घोस्ट इस्टेट’ म्हणत. दोन-चार कुटुंबे राहायला आलेली, पुढचा रस्ता डांबराविना, दिवे नाहीत, मैलापाण्याची व्यवस्था अर्धवट, असे त्यांचे स्वरूप असे. वीस वर्षांखालील बेकारांचा नवा भत्ता २००९ मध्ये आठवड्याला १०० यूरोंवर आला. किमान वेतन २०११ च्या प्रारंभी ताशी ८.६५ वरून ७.६५ यूरो झाले व त्याच वर्षी पूर्ववत केले गेले. २०११ ते २०१३ या काळात दरवर्षी सुमारे ८० ते ९० हजार लोक देश सोडून गेले. त्यांतील निम्म्याच्या आसपास आयरिश नागरिक होते, बाकीच्यांत मायदेशी परतणारे पूर्व यूरोपीय बरेच.

राजकारण व आंतरजाल : नोव्हेंबर २०१० मध्ये ८५ अब्ज यूरोंचा कर्जकार्यक्रम ठरला, त्यातील १७.५ अब्ज आयर्लंडने स्वतःच्याच गंगाजळीतून घालायचे होते. त्याच महिन्यात, ६ अब्ज यूरोंच्या कपात-करवाढीच्या घोषणेच्या सुमारास, कृषिमंत्री ब्रेंडन स्मिथ यांनी गरजूंना चेडर चीज फुकट वाटण्याचे जाहीर केले. यूरोपीय संघाची ही योजना जुनीच होती, पण मुहूर्त चुकला आणि ट्विटरवर दिवसभर चीजवरच्या विनोदांचा पाऊस पडला. १४ सप्टेंबर २०१० रोजी सकाळच्या रेडिओ मुलाखतीत पंतप्रधान काउअन यांचा आवाज घोगरा लागला. विरोधी फिने गेल पक्षाचे सायमन कोव्हेनी यांनी तो दारूची नशा आणि दुसऱ्या सकाळचा हँगओव्हर यांच्या मधला असल्याचे ट्विट केले. काउअन यांनी आरोप फेटाळला, पण दुपारपर्यंत परदेशी वृत्तसंस्थांपर्यंत बातमी गेली होती. आयरिश राजकारणात एका ट्विटने दिवसाचा अजेंडा ठरवल्याचे हे पहिले ठळक उदाहरण मानता येईल. त्याच महिन्यात अँग्लो बँकेचा निषेध रंगवलेला सिमेंट मिक्सर ट्रक संसदेच्या फाटकावर जाऊन थडकला. कॉर्क परगण्यातील बॅलीहे गावी मार्च २०११ पासून दर रविवारी प्रार्थनेनंतर रोखेधारकांविरुद्ध मोर्चा निघू लागला. तरीही ग्रीसच्या मानाने रस्त्यावरचा उद्रेक कमीच राहिला. राग मतपेटीतून निघाला. फेब्रुवारी २०११ च्या निवडणुकीत सत्ताधारी फिआना फॉल ७७ जागांवरून २० वर आला आणि एंडा केनी यांचे फिने गेल-मजूर पक्ष सरकार आले. बँकांना आधार देण्याचे धोरण त्यानेही चालूच ठेवले.

मोठी निदर्शने उलट २०१४ मध्ये, कार्यक्रम संपल्यावर, घरगुती पाणीपट्टीवरून झाली. ती आकारणी २०१६ मध्ये स्थगित झाली आणि भरलेले पैसे ग्राहकांना परत करण्यात आले.