छपरावर सोलर आहे, मग लाइट गेल्यावर अंधार का?

मे महिन्यातली दुपार, बाराचा सुमार. कॉलेजच्या छपरावर २०० किलोवॉटची पॅनेलं तापून निघालीत आणि महावितरणचा फीडर (परिसराला वीज पुरवणारी वाहिनी) ट्रिप होतो, म्हणजे बंद पडतो. पंखे थांबतात. मागच्या शेडमधला डिझेल जनरेटर धडधडायला लागतो. मग स्टाफरूममधून कोणीतरी डोकं बाहेर काढतं आणि मी वर्षानुवर्षं ऐकत आलेला प्रश्न विचारतं, "अहो, ऊन तर कडक पडलंय, मग सोलर का बंद?"

प्रश्न रास्त आहे. चिडचिड होते ती गेटवरची पाटी वाचून. तिथे सोनेरी अक्षरांत लिहिलेलं असतं : 'स्मार्ट मायक्रोग्रिड कॅम्पस'. मायक्रोग्रिड, म्हणजे बाहेरची लाइट गेली तरी स्वतःच्या बळावर चालू राहणारी छोटी वीजयंत्रणा. छपरावर सोलर बसवलं, नेट मीटर लावला, भिंतीवर आजचे युनिट दाखवणारा टीव्ही टांगला की आमच्याकडे त्याला मायक्रोग्रिड म्हणतात. उद्घाटनाच्या बातमीत 'विजेच्या बाबतीत स्वयंपूर्ण' हे शब्द ठरलेले. स्वयंपूर्ण, आणि फीडर ट्रिप झाला की अंधार!

सोलर काय असतं हे आता सांगायची गरज नाही. आपल्याकडे एक किलोवॉट साधारण १०० चौरस फूट जागा घेतो आणि वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चारेक युनिट देतो. जास्तीची वीज ग्रिडमध्ये (बाहेरच्या वीजवाहिन्यांच्या जाळ्यात) जाते, मीटर ती वजा करतो, बिल उतरतं. प्रधानमंत्री सूर्यघर योजना २०२४ मध्ये आल्यापासून तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं हे तर गल्लीतल्या पोरांनाही पाठ आहे. किलोवॉट आणि युनिट यांतली गल्लत (एक म्हणजे नळाची धार, दुसरं म्हणजे भरलेली बादली) आणि स्मार्ट मीटरलाच स्मार्ट ग्रिड म्हणण्याची सवय, या दोन्ही चुका मला खटकतात, पण त्यांनी कोणाचं फारसं बिघडत नाही. खरा घोटाळा एकाच ठिकाणी आहे.

आणि माझ्या मते त्याचं मूळ 'इन्व्हर्टर' या शब्दात आहे. आपल्या घरात इन्व्हर्टर म्हणजे काय? जिन्याखाली ठेवलेली बॅटरी, वरती तो डबा, लाइट गेली की दोन पंखे आणि टीव्ही चालू ठेवणारा. लोडशेडिंगच्या काळात अख्ख्या महाराष्ट्राने हा शब्द असाच शिकला. त्यामुळे सोलरचा ठेकेदार "साहेब, ५० किलोवॉटचे चार इन्व्हर्टर देतो" म्हणाला की प्राचार्यांच्या डोळ्यांसमोर जिन्याखालचाच डबा येतो, फक्त मोठा. ठेकेदारही खोटं बोलत नसतो. इन्व्हर्टर म्हणजे डीसीचं (पॅनेल-बॅटरीची एकाच दिशेने वाहणारी वीज) एसी (घरात येते ती दिशा बदलत राहणारी वीज) करणारं यंत्र, एवढाच त्याचा अर्थ. पण जिन्याखालचा इन्व्हर्टर आणि छपरावरच्या सोलरचा साधा इन्व्हर्टर यांचा स्वभाव एकमेकांच्या अगदी उलट आहे.

पायी वारीतली दिंडी आठवा. शंभर टाळकरी असतात, पण ठेका धरतो पखवाजी. त्याच्या थापेवर टाळ पडतात. साधा सोलर इन्व्हर्टर हा टाळकरी आहे. ग्रिडची लाट सेकंदाला पन्नास वेळा वर-खाली होते, तो ती सतत ऐकत असतो आणि तिच्या तालात आपला करंट ढकलत राहतो. व्होल्टेज किती असावं, फ्रीक्वेन्सी किती असावी हे तो ठरवतच नाही, समोर जे असेल त्याला जुळवून घेतो. पखवाज थांबला की टाळ थांबलेच पाहिजेत. जिन्याखालचा डबा लाइट गेल्यावर स्वतःच पखवाज वाजवायला लागतो. लहानसा का होईना, पण ठेका त्याचा स्वतःचा.

'थांबलेच पाहिजेत' हे सक्तीच्या अर्थानेही खरं आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांनुसार ग्रिड गेल्यावर दोन सेकंदांच्या आत अशा इन्व्हर्टरने वीज सोडणं बंद करायचं असतं. कारण विचारलं तर सगळे लाइनमनचं नाव घेतात, आणि ते बरोबरच आहे. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी चालतो. कॉलेजच्या बाजूने ४१५ व्होल्ट उलटे गेले तर पलीकडे ११,००० व्होल्ट होतात, आणि तिथे खांबावर चढलेल्या माणसाला वाटत असतं की लाइन बंद आहे. दुसरं कारण कमी लोकांना ठाऊक असतं. बंद पडलेला फीडर पुन्हा चालू होताना इकडची लाट आणि तिकडची लाट एका टप्प्यावर नसतील, तर दोन्हींची टक्कर होते आणि ब्रेकर, मोटारी, इन्व्हर्टर यांतलं काहीही जायबंदी होऊ शकतं.

पण समजा नियमच नाही. समजा मुख्य ब्रेकर उघडून कॉलेज ग्रिडपासून तोडलं, लाइनमन सुरक्षित झाला. आता तरी सोलर चालेल? नाही चालणार. याच जागी चांगले शिकलेले इंजिनिअरही अडखळतात.

विजेच्या तारांमध्ये साठवण नसते. या क्षणाला जेवढी वीज वापरली जातेय, तेवढीच या क्षणाला तयार झाली पाहिजे. आपण हे विसरतो, कारण ग्रिड आपल्या वतीने ते सांभाळतं. तुमच्या लिफ्टची मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, आणि हजारो मेगावॉटच्या ग्रिडला त्याची गंधवार्ताही लागत नाही. आता ग्रिडपासून तुटलेल्या कॉलेजात हेच पाहा. छपरावर १६० किलोवॉट तयार होताहेत, खाली वापर ९० चा आहे. उरलेले ७० कुठे जाणार? व्होल्टेज चढतं, इन्व्हर्टर घाबरून बंद. किंवा ढग आला, १६० चे ४० झाले आणि खाली अजून ९० हवेत. व्होल्टेज कोसळतं, पुन्हा बंद. क्षणोक्षणी ही तफावत भरून काढणारं कोणीतरी लागतं : जास्त झालं तर शोषणारं, कमी पडलं तर ओतणारं, आणि हे करताना पन्नासचा ठेका न सोडणारं. बहुतेक ठिकाणी ते काम बॅटरी आणि ग्रिड-फॉर्मिंग प्रकारचा, म्हणजे स्वतःच ठेका धरणारा इन्व्हर्टर करतात. काही ठिकाणी गॅस टर्बाइन करतं, काही ठिकाणी जनरेटर.

मायक्रोग्रिड म्हणजे हा पखवाजी घरात असणं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या व्याख्येतही सगळा भर यावरच आहे : ठरलेल्या हद्दीतला लोड (वीज वापरणारी सगळी उपकरणं) आणि वीजस्रोत मिळून एकाच घटकासारखे वागतात, ग्रिडला जोडलेले राहू शकतात आणि तोडून स्वतंत्र बेटासारखेही चालू शकतात. व्याख्येत सोलरचं नाव नाही. बेट मात्र आहे. म्हणून हद्दीवर झटकन उघडणारा ब्रेकर लागतो, आत ठेका धरणारा लागतो, वीज कमी पडली की कोणाची आधी तोडायची (ऑडिटोरियमचे एसी) आणि कोणाची कधीच नाही (प्रयोगशाळेतले उणे ८० अंशांचे फ्रीझर) हे ठरवणारा कंट्रोलर लागतो, आणि ग्रिड परत आल्यावर लाट जुळवून हळूच जोडून घेण्याची सोय लागते. 'स्मार्ट' हे विशेषण लावायचंच असेल तर या कंट्रोलरला लावा. भिंतीवरच्या टीव्हीला नको.

हा फरक कागदी नाही हे दोन विद्यापीठांनी दाखवून दिलंय. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाने न्यू जर्सीची वीज घालवली, तेव्हा प्रिन्स्टन विद्यापीठाने स्वतःला ग्रिडपासून तोडलं आणि आपल्या १५ मेगावॉटच्या गॅस टर्बाइनवर कॅम्पस चालवला. आता स्टॅनफर्ड बघा. त्यांच्या छपरांवर सोलर आहे, आणि दूर कॅलिफोर्नियाच्या अंतर्भागात त्यांच्यासाठी बांधलेले मोठे सोलर प्रकल्प आहेत. मार्च २०२२ मध्ये दुसरा प्रकल्प सुरू झाला आणि वर्षभराच्या वापराइतकी सगळी वीज अक्षय स्रोतांची झाली. शंभर टक्के! त्याच वर्षी जूनमध्ये जवळच्या डोंगरातल्या वणव्यामुळे कॅम्पसला वीज आणणाऱ्या वाहिन्या बंद पडल्या आणि स्टॅनफर्ड एका दिवसाहून जास्त काळ अंधारात होतं. वर्ग रद्द करावे लागले.

स्टॅनफर्डने काही खोटं सांगितलं नव्हतं. शंभर टक्के हा वर्षाचा हिशेब आहे. नेट मीटरही तसाच. पासबुकात शिल्लक भरपूर दिसते, पण बँकेला कुलूप असेल तर त्या शिल्लकेवर मंडईत भाजी मिळत नाही.

यातून उलट बाजूची गल्लतही सुटते. मायक्रोग्रिड म्हणजे हिरवी वीज, असं कुठेही ठरलेलं नाही. प्रिन्स्टनला त्या रात्री तारलं ते नैसर्गिक वायूने. सॅन दिएगोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा मायक्रोग्रिड जगभर नावाजला जातो. तिथे सोलर आहे, बॅटरी आहे, पण कणा म्हणजे प्रत्येकी १३.५ मेगावॉटची दोन गॅस टर्बाइन. कार्बन कमी करणं आणि अंधार टाळणं ही दोन वेगळी उद्दिष्टं आहेत. दोन्ही एकाच यंत्रणेत साधता येतात, पण दोन्हींचे पैसे वेगवेगळे मोजावे लागतात.

बेटाची सोय असली म्हणजे बेट जमतंच, असंही नाही. जपानमधल्या सेंदाई शहरात तोहोकु फुकुशी विद्यापीठाच्या आवारात मायक्रोग्रिड होता : ३५० किलोवॉटची दोन गॅस इंजिनं, ५० किलोवॉट सोलर आणि बॅटऱ्या. ११ मार्च २०११ च्या भूकंपात ग्रिड गेलं आणि इंजिनंही थांबली. सर्वांत महत्त्वाचा लोड बॅटरीने धरून ठेवला, दुसऱ्या दिवशी माणसांनी इंजिनं पुन्हा सुरू केली, मग तिथल्या इस्पितळाला वीज मिळत राहिली. आपल्या मुंबईचंच घ्या. राज्याचं ग्रिड कोलमडलं तर शहर वेगळं काढून चालू ठेवायची यंत्रणा मुंबईत कित्येक वर्षांपासून आहे. मुंबईची लाइट जात नाही ही मुंबईकरांची शेखी त्याच भरवशावर. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास बेट काही टिकलं नाही, आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. बेटात लोड जास्त आणि वीज कमी पडली की ठेका सुटतो, मग ते बेट कॉलेजएवढं असो वा मुंबईएवढं.

"आमचं सोलर डीजीबरोबर सिंक केलंय, मग तो मायक्रोग्रिड नाही का?" हा आणखी एक नेहमीचा प्रश्न. (डीजी म्हणजे डिझेल जनरेटर, सिंक म्हणजे ताल जुळवणं.) अर्धा आहे, म्हणून मी अर्धेच गुण देतो. इथे पखवाजी म्हणजे जनरेटर. तो वाजतोय तोवर सोलर त्याच्या तालात चालतं आणि डिझेल वाचतं. पण जनरेटरला फार कमी लोडवर ठेवता येत नाही, त्याच्या क्षमतेच्या तीसेक टक्के तरी त्याच्या अंगावर राहावे लागतात, म्हणून कंट्रोलर भर उन्हात सोलरला दाबून ठेवतो. डिझेल संपलं की सगळंच संपलं. सोय चांगली आहे, बसवाच. फक्त तिला डीजी-सिंक म्हणा.

माझं मत विचाराल तर महाराष्ट्रातल्या बहुतेक कॉलेजांना अख्ख्या कॅम्पसचा मायक्रोग्रिड लागतच नाही. दिवसाला तास-अर्धा तास वीज जाते म्हणून शेकडो किलोवॉटची बॅटरी घेणं म्हणजे पावसाच्या सरीसाठी तंबू विकत घेणं. नेट मीटरवालं सोलर बिलासाठी उत्तम आहे, ते अभिमानाने लावा आणि त्याच नावाने मिरवा. सर्व्हर रूम, प्रयोगशाळेचे फ्रीझर, वसतिगृहाचा पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे एवढा लोड वेगळ्या बोर्डावर काढा आणि फक्त त्याच्यासाठी हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा, लाइट गेल्यावर स्वतः ठेका धरणारा) आणि बॅटरी घ्या. वायरिंग वेगळं करण्याचा हा भाग कंटाळवाणा असतो, त्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं, म्हणून प्रस्तावातून पहिला तोच गळतो. वैद्यकीय महाविद्यालय असेल, मोठी संशोधन केंद्रं असतील, तर गोष्ट वेगळी. तिथे पूर्ण मायक्रोग्रिडचा खर्च शोभतो.

आणि कोणी मायक्रोग्रिड म्हणून काही विकत असेल तर त्याच्या सादरीकरणातल्या स्लाइड बघत बसू नका. रविवारी भर दुपारी, डीजीची किल्ली काढून घेऊन, त्याला महावितरणकडून येणारा मुख्य ब्रेकर पाडायला सांगा. एका कॉलेजात मी हे सुचवलं तेव्हा ठेकेदाराचा माणूस आधी हसला, मग "वॉरंटीत बसत नाही" म्हणाला. प्राचार्यांनी मात्र ब्रेकर पाडायला लावला. दोन सेकंदांत सगळं शांत. छपरावर ऊन, खाली अंधार. सर जरा वेळ गप्प उभे राहिले, मग शिपायाला हाक मारून म्हणाले, "अरे, शिडी आण. ती गेटवरची पाटी उतरवू या."