टाइमशीटमध्ये नसलेला रकाना

पुण्यात १९८१ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने 'टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर' ही संशोधन संस्था काढली. सॉफ्टवेअर लिहून पोट भरता येते, हे तेव्हा इथल्या फार थोड्या घरांत पटले असते. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख फकीरचंद कोहली यांनी तिच्या संचालकपदी आयआयटी कानपूरच्या ई. सी. सुब्बाराव यांना आणले. सुब्बाराव सिरॅमिक्सचे, म्हणजे भाजून घडवलेल्या पदार्थांचे अभ्यासक. सॉफ्टवेअर कंपनीने असा माणूस का आणावा, हे समजले की पुढची बरीच गोष्ट उलगडते.

सेवा कंपनीचा हिशेब सरळ असतो. क्लायंटला माणसे द्यायची आणि मॅन-मंथचे, म्हणजे माणसे गुणिले महिने असे बिल लावायचे. ज्याच्या टाइमशीटवर, म्हणजे कामाच्या तासांच्या नोंदीवर, प्रोजेक्टचा कोड नाही, तो बेंचवर, म्हणजे बिनकामाचा. 'हे जरा करून बघतो' म्हणणाऱ्याच्या वेळेला या तक्त्यात रकानाच नसतो. या संशोधन संस्थेत तो रकाना मुद्दाम आखला गेला. तिथे दोन अगदी वेगळी कामे वाढली. एक मास्टरक्राफ्ट : प्रणालीचे मॉडेल मांडले की त्यातून बराचसा कोड आपोआप तयार करणारे साधन. डोकी मोजून बिल लावणाऱ्या कंपनीने डोकी कमी लागतील असे हत्यार घडवावे, याला धैर्य लागते. दुसरे काम भाताच्या तुसाच्या राखेतून पाणी गाळण्याचे. त्यातूनच पुढे २००९ साली, नॅनो चांदीची जोड मिळून, हजार रुपयांच्या आतला 'टाटा स्वच्छ' हा पाणी शुद्ध करणारा फिल्टर बाजारात आला. पदार्थांचे अभ्यासक सुब्बाराव यांच्या नेमणुकीमागची दृष्टी इथे दिसते.

सरकारी बाजूने १९८८ साली सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था आली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक उभा राहिला. त्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे.

सेवा उद्योगाला खरा वेग दिला तो १९९० साली पुण्यात आलेल्या सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क योजनेने. उपग्रहामार्फत डेटा लिंक मिळाली, निर्यातीच्या नफ्यावर करसवलत मिळाली. ही सवलत ३१ मार्च २०११ पर्यंत टिकली. तिने हजारो मराठी घरांत पगार आणला, हे विसरता कामा नये. पण लगेच बिल होणाऱ्या कामाचीच सवयही तिने लावली, असे माझे मत आहे. फसण्याची शक्यता असलेल्या कामासाठी माणूस मोकळा ठेवणे त्या दिवसांत उधळपट्टी वाटायचे.

तरी वाटा निघाल्या. आनंद देशपांडे यांनी १९९० साली सुरू केलेल्या पर्सिस्टंट या कंपनीने दुसऱ्या सॉफ्टवेअर कंपन्यांची उत्पादने घडवण्याचे काम घेतले. उत्पादनावर नाव दुसऱ्याचे असले, तरी त्याची आतली रचना इथल्या इंजिनिअरांच्या हाताखालून गेली. कैलाश काटकर यांच्या दुरुस्तीच्या दुकानात व्हायरस लागलेले संगणक येत. धाकटे बंधू संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातून क्विक हील हे अँटिव्हायरस झाले. मला हे उदाहरण फार मोलाचे वाटते, कारण तेही सेवेचेच दुकान होते. तीच तक्रार पुन्हा पुन्हा येते आहे, हे ओळखायला दुकानातल्या माणसाला सवड होती.

वाहनांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या केपीआयटी या पुण्याच्या कंपनीचे उदाहरण थोडे अवघड आहे. २०१० साली त्यांनी वापरातल्या गाडीला हायब्रिड, म्हणजे इंधन आणि वीज दोन्हींवर चालणारी, करणारे 'रेव्होलो' किट जाहीर केले. रस्त्यावर ते रुळले नाही. पण वाहनाच्या विद्युत यंत्रणेवरचे काम थांबले नाही आणि २०२० मध्ये पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हायड्रोजन फ्युएल सेलवर, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या घटावर, चालणाऱ्या मोटारीची चाचणी झाली. फ्युएल सेलच्या पातळ पडद्याचे ज्ञान ही प्रयोगशाळा चालवणाऱ्या सीएसआयआरचे, घटांच्या रचलेल्या थप्पीची (स्टॅकची) बांधणी आणि नियंत्रणाचे सॉफ्टवेअर केपीआयटीचे.

आज कंपन्यांमध्ये हॅकेथॉन, म्हणजे ठरावीक तासांत नवे काही घडवण्याच्या स्पर्धा, होतात, इनोव्हेशन लॅबच्या पाट्या लागतात. हॅकेथॉन शनिवारी असते आणि सोमवारी टाइमशीट पुन्हा समोर येते. त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्ता कोड लिहू लागली आहे. कमी माणसांत काम झाले तर बिल कशाचे लावायचे, हा मास्टरक्राफ्टच्या वेळचाच प्रश्न हिंजवडीच्या आयटी कंपन्यांच्या बैठकांमध्ये परत आला आहे.