पार्श्वभूमी : सरळ रस्त्यात घातलेले वळण

युरोपातल्या रेस रविवारी संध्याकाळी टीव्हीवर नेमाने पाहणारी मंडळी साताऱ्यात कमी नाहीत. शिकेनचा, म्हणजे वेग कमी करण्यासाठी सर्किटवर मुद्दाम घातलेल्या उलटसुलट वळणांचा, विषय निघाला की त्यांच्यात दोन तट पडतात. एका तटाला शिकेन म्हणजे सर्किटचे वाटोळे वाटते. ती गाडीची लय तोडते आणि सगळ्यांना एका रांगेत लावते. दुसरा तट म्हणतो, शिकेनच्या आधी जोराचा ब्रेक मारावा लागतो आणि ओव्हरटेक होतो तो ब्रेकवरच. उदाहरणे दोघांकडेही आहेत. पण बहुतेक शिकेन रेस रंगावी म्हणून बांधलेल्याच नाहीत, हा मुद्दा या वादात हरवतो. घसरलेल्या गाडीला थांबायला जागा नव्हती, भिंत मागे न्यायला जमीन नव्हती किंवा पैसा नव्हता, म्हणून वेग कापला गेला.

जुना भाग थोडक्यात. इटलीतल्या मोंझा सर्किटवर १९७१ च्या फॉर्म्युला वन शर्यतीत पहिले पाच चालक ०.६१ सेकंदाच्या आत अंतिम रेषा ओलांडून गेले. पहिल्या दोघांत फरक होता एका शतांश सेकंदाचा, आणि विजेत्याचा सरासरी वेग ताशी २४२ किलोमीटरच्या वर. पुढच्याच वर्षी तिथे दोन शिकेन आल्या, १९७६ मध्ये तिसरी. तसा शेवट मोंझाला पुन्हा झालेला नाही. फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत सुमारे ६ किलोमीटरचा एक सलग पट्टा होता. तिथे १९८८ साली एका गाडीने ताशी ४०५ किलोमीटर गाठले. दोन किलोमीटरपेक्षा लांब सरळ पट्टा चालणार नाही, असा नियम आला आणि १९९० पासून दोन शिकेननी त्या पट्ट्याचे तीन तुकडे झाले. त्याने धोका संपला नाही. १९९९ मध्ये एक गाडी हवेत उडून झाडांत जाऊन पडली, ती या पट्ट्याच्या पुढच्या, शिकेन नसलेल्या भागात.

मग १९९४. इटलीतल्या इमोला सर्किटवर एका शनिवार-रविवारात दोन चालक गेले. त्यानंतर जे झाले ते घाईचे होते, पण त्या घाईला दोष देता येत नाही. बेल्जियममधल्या स्पा सर्किटच्या प्रसिद्ध चढावर त्या वर्षापुरती तात्पुरती शिकेन टाकली गेली. इमोलाच्या ज्या वेगवान वळणावर विश्वविजेता गेला, तिथे पुढच्या वर्षी कायमची शिकेन झाली. बार्सिलोनाला तर टायरच्या थप्प्या रचून गाड्यांना वाट आखून दिली होती.

खरा वाद समजून घ्यायचा तर याच बार्सिलोनाजवळ थांबावे लागते. तिथले सर्किट १९९१ साली सुरू झाले. पहिल्याच वर्षी मुख्य सरळ पट्ट्यावर दोन गाड्या चाकाला चाक लावून, ठिणग्या उडवत धावल्या. ते दृश्य पाहिलेला माणूस ते विसरलेला नाही. त्या पट्ट्यावर येण्याआधी दोन वेगवान उजवी वळणे होती. २००७ साली त्या दोहोंच्या मध्ये शिकेन घातली गेली. या निर्णयामागे दोन कारणे सांगितली जातात: शेवटच्या वळणाबाहेर मोकळी जागा कमी होती, आणि ओव्हरटेक वाढावेत अशी आशा होती.

दुसरे कारण कागदावर पटण्यासारखे आहे. वेगवान वळणात पुढच्या गाडीने ढवळलेली हवा मागच्या गाडीची पकड खाते, त्यामुळे ती मागे पडते. संथ वळणात पकड हवेच्या दाबावर तितकी अवलंबून नसते, म्हणून मागच्याला चिकटून राहता येते. पण हिशेब इथेच चुकतो. दोन गाड्यांत एका सेकंदाचे अंतर धरा. ताशी ८० किलोमीटर वेगाला ते भरते सुमारे २२ मीटर. डोळ्यांना वाटते, मागचा आता गाठणारच. शिकेनमधून पुढची गाडी आधी बाहेर पडते, आधी ॲक्सिलरेटर दाबते, आणि दोघे ताशी २८० ला पोचतात तेव्हा तेच एक सेकंद सुमारे ७८ मीटरचे झालेले असते. शिकेन गाड्यांना जवळ आणल्यासारखे दाखवते, जवळ आणत नाही.

पुढची सोळा वर्षे हेच दिसत राहिले. २०१६ च्या स्पॅनिश ग्राँप्रीत अठरा वर्षांचा पोरगा पहिल्यांदा जिंकला. अखेरच्या फेऱ्यांत एक माजी विश्वविजेता त्याच्या मागे लागला होता, पण त्याला पुढे जाता आले नाही. पोराची गाडी चालवण्याची कमाल होतीच, पण त्या शिकेननेही त्याची पाठराखण केली, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोटरसायकलींची गोष्ट वेगळी चालली होती. त्या जुन्याच मार्गाने जात. २००९ मध्ये अखेरच्या फेरीत, अगदी अखेरच्या वळणावर, इटालियन स्वाराने आपल्याच संघातल्या स्पॅनिश स्वाराला आतून गाठले. आजही त्या सर्किटचे नाव निघाले की आधी तो ओव्हरटेक आठवतो. मग जून २०१६ मध्ये शुक्रवारच्या सरावात बाराव्या वळणावर एका तरुण स्वाराचा मृत्यू झाला. उरलेले दोन दिवस मोटरसायकलीही गाड्यांच्या शिकेनमधून नेल्या गेल्या. तो निर्णय योग्यच होता. २०१७ ला त्यांच्यासाठी थोडी वेगळी शिकेन तयार केली गेली, ती स्वारांना एका दिवसात नकोशी झाली आणि शनिवारपासून आदल्या वर्षीचाच मार्ग वापरला. २०१८ पर्यंत त्या वळणाबाहेरची मोकळी जागा वाढवली गेली आणि मोटरसायकली जुन्या मार्गावर परतल्या. गाड्यांना मात्र आणखी पाच वर्षे थांबावे लागले. शेवटच्या वळणांची संरक्षक व्यवस्था सुधारल्यावर २०२३ मध्ये त्यांचीही शिकेन गेली.

दोन्ही वेळा आधी जागा किंवा भिंत सुधारली आणि मगच शिकेन निघाली. हा क्रम महत्त्वाचा आहे. शिकेन काढल्याने लगेच चमत्कार झाला, असेही नाही. २०२३ ची ती शर्यत विजेत्याने २४ सेकंदांनी जिंकली. पण शेवटचा भाग पाहण्यासारखा झाला. गाडी तिथे किती ताणून धरली आहे, हे पुन्हा दिसू लागले.

शिकेनच्या बाजूने बोलणारे सुरक्षेचा मुद्दा पुढे करतात, तेव्हा आपल्याकडच्या माणसाला खंबाटकी आठवते. पुण्याकडे जाताना बोगद्यानंतर उतारावर येणाऱ्या एस वळणाने किती जीव घेतले, हे साताऱ्यात कुणाला सांगायला नको. ते वळण टाळण्यासाठी नव्या बोगद्यांचे काम हाती घ्यावे लागले. वेगात आलेल्या वाहनापुढे उलटसुलट वळण ठेवणे महामार्गावर धोका ठरते आणि सर्किटवर तोच उपाय मानला जातो, कारण सर्किटवरचा चालक तीन दिवसांत त्याच वळणातून शंभराहून अधिक वेळा गेलेला असतो. तरीही पहिल्या फेरीत वीसेक गाड्या एकाच अरुंद तोंडात घुसतात, तेव्हा ही सवय कामी येत नाही. २००० साली मोंझाच्या दुसऱ्या शिकेनजवळ पहिल्याच फेरीत गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि उडालेल्या चाकाने ट्रॅकच्या कडेला ड्युटीवर असलेल्या अग्निशमन कर्मचाऱ्याचा जीव घेतला.

शिकेनच्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा जपानमधल्या सुझुका सर्किटचा. तिथली शिकेन १९८३ मध्ये आली. १९८९ चे विश्वविजेतेपद ठरवणारी धडक तिथेच झाली, कारण त्या सर्किटवर पुढच्याला गाठायची खरी जागा तीच होती. शिकेन कधीच रेस घडवत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण टाळू नये. उलट दिशेचा दाखला अबू धाबीचा. तिथे २०२१ मध्ये तीव्र वळणाआधीची शिकेन काढली आणि ब्रेक मारण्याची जागा मोकळी झाली.

भारतात हा प्रश्न दोन टोकांना दिसतो. ग्रेटर नोएडाचे सर्किट २०११ साली मोकळ्या जमिनीवर उभे राहिले, त्यामुळे कडेला हवी तितकी जागा सोडता आली. हैदराबादला २०२३ मध्ये आणि चेन्नईला २०२४ मध्ये शर्यत झाली ती शहराच्या रस्त्यांवर, काँक्रीटच्या भिंतींमध्ये. शहरात भिंत मागे सरकत नाही, तेव्हा वेगच आवरावा लागतो. कोल्हापूरच्या कार्टिंग ट्रॅकवर हात बसवणारी आपल्या भागातली पोरे पुढे रेसिंगमध्ये टिकली, तर त्यांना असे शहरी ट्रॅक भेटतील. अशा ठिकाणी शिकेनला नाके मुरडणे मला योग्य वाटत नाही.

मोंझाचे सर्किट मात्र एका जुन्या राजेशाही उद्यानात आहे. कडेची जागा वाढवायची तर झाडे तोडावी लागतात, आणि १९९४ मध्ये याच झाडांवरून तिथली शर्यत रद्द होते की काय अशी वेळ आली होती. बार्सिलोनाने दोनदा निवडलेला मार्ग तिथे खुला नाही. तिन्ही शिकेन आजही जागच्या जागी आहेत.