कनोटेशन: एका पारिभाषिक शब्दाचा बदललेला अर्थ

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका मराठी घरातली नववीची मुलगी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येते. आजारातून उठलेल्या आजीविषयी निबंध लिहिताना तिला 'कृश' म्हणायचे होते, आणि कोशात 'थिन'च्या शेजारी दिसलेला 'स्किनी' हा शब्द तिने उचलला. आजीचे वजन खरोखरच उतरले होते, त्यामुळे माहिती म्हणून शब्द खोटा नव्हता. पण 'स्किनी' म्हणजे हडकुळी, आणि आजीला हडकुळी म्हणणे तिच्या स्वप्नातही नव्हते. 'स्लिम' म्हणावे तर ती सडपातळ झाली, म्हणजे कौतुक झाले. शब्द ज्याचा निर्देश करतो ते डिनोटेशन आणि त्याबरोबर येणारी मान-अपमानाची, मायेची किंवा तिटकाऱ्याची छटा म्हणजे कनोटेशन, असे आज शिकवले जाते. मुळात मात्र या जोडीचा अर्थ असा नव्हता.

लॅटिनमध्ये कनोटेशनच्या मुळाशी 'सोबत खूण करणे' ही कल्पना आहे. चौदाव्या शतकात ओकमच्या विल्यम या इंग्रज तत्त्वज्ञाने या कल्पनेचा तर्कशास्त्रात सविस्तर उपयोग केला, आणि 1843 मध्ये जॉन स्टुअर्ट मिल याने आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात तिला नवे रूप दिले. मिलच्या मते 'पांढरा' हा शब्द बर्फ, कागद, समुद्राचा फेस अशा सर्व पांढऱ्या वस्तूंचा निर्देश करतो, आणि ज्या गुणामुळे त्या पांढऱ्या ठरतात तो पांढरेपणा सोबत सुचवतो. हे सुचवणे म्हणजे त्याचे कनोटेशन. विशेषनामे केवळ निर्देश करतात, गुण सांगत नाहीत, असेही त्याने मांडले. इथे भावनेचा संबंधच नाही. मिल ज्याला कनोटेशन म्हणतो, ते आज आपण कोशातली व्याख्या म्हणून वाचतो, आणि म्हणून 'व्यंग्यार्थ' हा प्रतिशब्द मिलच्या ग्रंथाला लावला की वाचकाची दिशाभूल होते. तिथे 'गुणार्थ' म्हणणेच योग्य, असे माझे मत आहे.

भावनिक छटेचा विचार त्याआधीही झाला होता, पण वेगळ्या नावाने. पॅरिसजवळच्या पोर्ट-रॉयल मठाशी संबंधित आर्नो आणि निकोल यांचा तर्कग्रंथ 1662 मध्ये निघाला. 'तू खोटे बोललास' या वाक्यात 'तुला ठाऊक असूनही तू उलट सांगितलेस' एवढाच मजकूर नसतो, तर त्यात समोरच्याविषयी तुच्छताही असते, हे त्यांनी दाखवले आणि अशा जोडकल्पनांना स्वतंत्र स्थान दिले. पुढे विसाव्या शतकात, विशेषतः लेनर्ड ब्लूमफील्ड याच्या 1933 च्या भाषाविषयक ग्रंथात, कनोटेशन म्हणजे मूळ अर्थावर चढलेली पुरवणी मूल्ये, हा अर्थ स्थिर झाला.

इंग्रजीत अशा छटा विपुल असण्याचे एक कारण तिच्या इतिहासात आहे. 1066 च्या नॉर्मन विजयानंतर देशी शब्दांशेजारी फ्रेंच आणि पुढे थेट लॅटिनमधून आलेले शब्द येऊन बसले. 'आस्क' घरातला, 'क्वेश्चन' जरा औपचारिक, आणि 'इंटरॉगेट' म्हटले की चौकशीची खोली डोळ्यांसमोर येते. मराठी मुलाला हे परके वाटू नये. 'जेवलास का', 'भोजन झाले का' आणि 'गिळलंस का' यांतला फरक त्याला कोणी शिकवावा लागत नाही.

आपल्याकडे नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ध्वनीचा, म्हणजे काव्यात न बोलता सुचवलेल्या अर्थाचा, सिद्धान्त मांडला आणि पुढे अभिनवगुप्ताने त्यावर 'लोचन' ही टीका, म्हणजे भाष्य, लिहिली. त्याच अभिनवगुप्ताची नाट्यशास्त्रावरील 'अभिनवभारती' ही टीका 1926 पासून बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून छापली जाऊ लागली, ही या शहरासाठी मोठी गोष्ट आहे. तरीही व्यंजना, म्हणजे असा अर्थ सुचवणारी शब्दशक्ती, आणि कनोटेशन एकच मानू नये. 'गंगेवर गवळीवाडा' या प्रसिद्ध उदाहरणात वाडा गंगेच्या काठावर आहे हे लक्षणेने, म्हणजे मूळ अर्थ जुळत नाही म्हणून जवळचा अर्थ घेऊन, कळते आणि तिथला गारवा व पावित्र्य व्यंजनेने, म्हणजे व्यंजना सगळ्या वाक्यातून आणि प्रसंगातून उमलते; 'स्किनी'ची छटा मात्र त्या एका शब्दाला आधीच चिकटलेली असते. म्हणून वर्गात मी 'अर्थच्छटा' हाच शब्द वापरते. निबंधात त्या मुलीने शेवटी 'फ्रेल', म्हणजे नाजूक, अशक्त, असे लिहिले.